आपलेच समजावे

पिंपळापुरे मास्तरांनी आयुष्यात एकच चूक केली, असं ते स्वतः सांगत. नागपूरच्या महाल भागातले त्यांचे ओळखीचे लोक आकडा बराच वर नेत. पण ज्या एका चुकीबद्दल दोन्ही पक्षांचं एकमत होतं, ती मास्तरांनी १९८७ च्या फेब्रुवारीत एका मंगळवारी, दुपारचं जेवण आटोपल्यावर, नवीन रिबन घातलेल्या टाइपरायटरवर, एकही खाडाखोड न करता केली. चूक आठ अक्षरांची होती. टायपिंगच्या दृष्टीने पाहिलं तर तिच्यात काना-मात्रेचाही दोष नव्हता.

मार्तंड पिंपळापुरे तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि सीताबर्डीवर महादेवराव डांगऱ्यांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये कार्यालयीन पत्रव्यवहार शिकवू लागले. पत्र म्हणजे दुसऱ्याच्या घरी जाणं, अशी त्यांची श्रद्धा. अंगावर बरे कपडे हवेत आणि दारातून शिरताना थोडं वाकायला हवं. घरासमोरची नाली तुंबली, तेव्हा त्यांनी महानगरपालिकेला जो अर्ज लिहिला त्याची सुरुवात ‘आपल्या कृपेने आमची नाली गेले सतरा दिवस तुंबलेली आहे’ अशी होती. आरोग्य निरीक्षक स्वतः धावत आला, पण तो भांडायला. माणूस एवढा का तापला, हे मास्तरांना कधीच उमगलं नाही.

तर त्या मंगळवारी शामलाबाई गजभिये त्यांच्या टेबलाशी आल्या. इन्स्टिट्यूटमध्ये एकोणीस टाइपरायटर होते आणि एक कॉम्प्युटर. टाइपरायटर कोणीही बडवावेत, कॉम्प्युटर मात्र काचेच्या खोलीत असे आणि पोरं चपला बाहेर काढून आत जात. त्या खोलीच्या मालकीण शामलाबाई. वय चाळीस, अंगाने काटकुळ्या, नाकावर जाड काचांचा चष्मा. बोलणं असं की ऐकणाऱ्याने आधी खुर्चीचा हात धरून ठेवावा.

“मास्तर, चार ओळी लिहून द्या जी. मुंबईच्या कंपनीले पाठवाच्या हायेत.”

“सांगा.”

“लिवा. यात आमचा मराठी छापाचा प्रोग्राम हाये. तो कसा बनवला त्या सगळ्या ओळीबी हायेत. वापरा, बदला, ज्याले द्याचा त्याले द्या. पन बदलला तं काय बदललं थे लोकायले सांगा, आन् त्यायलेबी असाच मोकळा द्या. नाव प्रेमिला हाये, थे राहू द्या. बस.”

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. “बाई, हे पत्र आहे की पोलीस ठाण्याची नोटीस? एवढी मोठी कंपनी, तिला असं ‘बदलला तं सांगा’?”

“मंग काय, सत्यनारायनाले बोलवू?”

“तुम्ही वर्गावर जा. मी नीट करून आणतो.”

मास्तरांनी नीट केलं. अटी काढून टाकल्या, कारण मोठ्या माणसांना अटी घालणं बरं दिसत नाही. आणि त्यांच्या जागी लिहिलं: ‘आपल्यासारख्या मातब्बर संस्थेच्या सेवेशी आमचा हा अल्पसा प्रयत्न सादर करताना आनंद होत आहे. सदर प्रोग्राम, त्यातील अक्षरे व त्याचे प्रेमिला हे नाव, हे सर्व आपलेच समजावे व गोड मानून घ्यावे, ही नम्र विनंती.’ मजकूर त्यांनी स्वतःशीच दोनदा वाचला. ‘गोड मानून घ्यावे’पाशी त्यांना स्वतःलाच जरा भरून आलं.

शामलाबाई काचेच्या खोलीत अकरा पोरांना काहीतरी समजावत होत्या. मास्तरांनी दारातूनच कागद पुढे केला. त्यांनी तो तिथेच काचेवर टेकवला आणि सही ठोकली.

“वाचा तरी,” मास्तर म्हणाले.

“तुमचं मराठी मी काय तपासू, मास्तर?”

ही बाई काय बोलून गेली, ते समजायला तिचं मागचं आयुष्य माहीत हवं. कारण तपासणं हाच तिचा धंदा होता.

शामलाबाई इंदोऱ्याच्या. वडील कापडगिरणीत होते. मॅट्रिक झाल्या, टायपिंग शिकल्या आणि १९६९ साली वीज मंडळाच्या पंच रूममध्ये लागल्या. त्या काळी लोकांची विजेची बिलं कार्डांवर भोकं पाडून तयार होत. एका लांबट खोलीत बायका रांगेने यंत्रांपुढे बसून दिवसभर भोकं पाडत, आणि यंत्रांचा आवाज असा की शेजारणीशी बोलायचं तर ओठ वाचावे लागत. एकीने पंच केलेलं कार्ड दुसरीच्या यंत्रात जाई. दुसरीने तेच आकडे पुन्हा दाबायचे. जुळले तर कार्ड पुढे, चुकले तर यंत्र जागीच अडायचं आणि लाल दिवा लागायचा. शामलाबाई या दुसऱ्या यंत्रावर होत्या. त्यांच्याकडे कार्डं यायची ती प्रेमिला बोकडेची.

प्रेमिला खापरखेड्याची. बाप तिथल्या वीजकेंद्रात राखेच्या कामावर होता. गोल चेहऱ्याची, हसरी आणि पंचिंगला महाभयंकर पोरगी. शामलाबाईंच्या यंत्राचा लाल दिवा दिवसातून वीस वेळा लागे. पहिल्याच आठवड्यात शामलाबाई कार्डांचा गठ्ठा घेऊन तिच्यापुढे उभ्या राहिल्या.

“काहून वं, सातावर तुहा काय राग हाये? हरेक सात तू एक करून राहिली.”

“माहा सात एकासारखाच दिसते, ताई. तुमी समजून घ्या ना.”

“मी समजून घेईन. बिलवाला समजून घेईन काय?”

असं पंधरा वर्षं चाललं. डबा एकत्र, रजा एकत्र, भांडण रोजचं. लग्न दोघींचंही झालं नाही. का झालं नाही, हे विचारायची हिंमत पंच रूममध्ये कोणाला झाली नाही, आणि मास्तरांचा तर प्रश्नच नव्हता.

चौऱ्याऐंशी साली पंच रूम बंद पडली. बायकांना पांगवलं. शामलाबाईंना चंद्रपूरची बदली आली, ती त्यांनी नाकारली आणि नोकरी सोडून महादेवरावांच्या काचेच्या खोलीत आल्या. प्रेमिला तोवर आजारी पडली होती. दोन्ही किडन्या. ती खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये आईजवळ, सुभद्राबाईंजवळ, पडून असायची.

आता त्या कॉम्प्युटरला मराठी येत नव्हतं. प्रिंटरमधून निघायचं ते सगळं इंग्रजी. शामलाबाईंनी पुस्तकं आणली, इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली आणि प्रिंटरला मराठी शिकवायचा प्रोग्राम लिहायला बसल्या. पण अक्षरं? कॉम्प्युटरचं अक्षर म्हणजे चौकटीच्या कागदावर भरलेली काळी घरं. उंचीला चोवीस. कोणतं घर भरायचं, कोणतं रिकामं सोडायचं, हे कोणीतरी बसून ठरवायला हवं. शामलाबाईंचं अक्षर स्वतःलाही लागत नसे. त्या आलेखाच्या वह्या घेऊन खापरखेड्याला गेल्या.

“पडल्या पडल्या काय करून राहिली? घरं भर.”

प्रेमिलाने घरं भरली. उशाशी पाट, पाटावर वही, हातात पेन्सिल. सलाईनची सुई डाव्या हाताला लावा, असं ती घरी येणाऱ्या नर्सला बजावून ठेवी. दीड वर्षात तिने बाराखड्या केल्या, जोडाक्षरं केली, क्ष केला, ज्ञ केला. जी पंच करताना सात आणि एकात गल्लत करायची, तिने भरलेल्या घरांत शामलाबाईंना तपासून तपासून फक्त तीन चुका सापडल्या. शहाऐंशीच्या कार्तिकात ती गेली. वहीत शेवटी एक पान कोरं राहिलं होतं. वर तिने लिहिलं होतं, ‘अर्धा र’.

प्रोग्राम सुरू केला की पडद्यावर आधी सातआठ सेकंद एकच शब्द येई: प्रेमिला. तिच्याच अक्षरात. मग पुढचं काम.

हा प्रोग्राम शामलाबाई मागेल त्याला देत. फ्लॉपीत प्रोग्राम असे आणि त्याच्या आतल्या सगळ्या ओळीही असत, म्हणजे ज्याला समजेल त्याने उघडून दुरुस्त करावं. महादेवरावांना हे पटत नसे. “बाई, हे पूरं खोलून काहून देता? जरा बंद ठेवा ना यार, लोक इज्जत करतात.”

“अक्षर कोनाच्या बापाचं हाये काय, भाऊजी?”

नऊ ठिकाणी ‘प्रेमिला’ गेली. कळमेश्वरच्या एका कारखान्यात कामगारांच्या सूचना तिच्यात छापल्या जाऊ लागल्या. रामटेकच्या एका कॉलेजात लहानू उके नावाचा कारकून होता, त्याला ‘दुसऱ्या सत्राची परीक्षा’ छापायची होती. छापून आलं ‘दुसर्या’. रफार उडून य च्या डोक्यावर जाऊन बसला. लहानूने गणिताच्या वहीतल्या चौकटींवर तो आडवा, मिशीसारखा अर्धा र स्वतः काढला, प्रोग्रामच्या ओळी उघडून त्यात बसवला आणि शामलाबाईंना पाठवला. सोबत चिठ्ठी: ‘बाई, एवढा एक र राहिला होता. चुकलं असल्यास कळवणे.’

शामलाबाईंनी तो घर घर मोजून तपासला. चुकला नव्हता. त्या दिवशी त्या वर्गावर गेल्या नाहीत, हे मास्तरांच्या लक्षात होतं. लहानूचा र उरलेल्या आठही ठिकाणी गेला.

आणि एक फ्लॉपी, मास्तरांच्या पत्रासकट, मुंबईच्या कंपनीला. इन्स्टिट्यूटने कॉम्प्युटर तिच्याकडूनच घेतला होता. तिच्या माणसाने म्हटलं होतं, आम्ही सरकारी कचेऱ्यांना यंत्रं विकतो, त्यात तुमची मराठी घालून देऊ. शामलाबाईंना तेवढंच हवं होतं. ती फ्लॉपी मात्र लहानूचा र येण्याच्या आधी गेली होती.

आठ महिन्यांनी जाड लिफाफा आला. मजकूर इंग्रजी, म्हणून महादेवरावांनी मास्तरांना बोलावलं. “देखो मास्तर, काय लफडं आहे.”

मास्तरांनी वाचायला सुरुवात केली, ती मोठ्याने. तिसऱ्या ओळीपासून आवाज उतरत गेला. कंपनीने ‘प्रेमिला’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदवायला अर्ज केला होता. प्रोग्रामच्या ओळींबद्दल कंपनीचं काही म्हणणं नव्हतं. प्रोग्राम तुम्ही जगाला वाटलात, तसा आम्हालाही दिलात. परंतु नाव तुम्ही लेखी आमच्या स्वाधीन केलेलं आहे. त्या नावाखाली तुम्ही आणि अन्य लोक अक्षरांत मनमानी फेरफार करून वाटत आहात, ते ताबडतोब थांबवावं. सोबत एका पत्राची छायाप्रत जोडली होती. आठ अक्षरांखाली लाल पेन्सिलीने रेघ ओढलेली. आपलेच समजावे.

शामलाबाईंनी ते पत्र त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा वाचलं.

“हे मी सांगतलं होतं, मास्तर?”

“शब्द तुमचे नव्हते, पण भाव… म्हणजे बाई, हा शिष्टाचार आहे. मराठीत कोणीही लिहितो.”

“मंग त्यायले समजावून सांगा शिष्टाचार.”

कंपनीने समजून घ्यायला माणूस पाठवला. केशव देवस्थळे, वय तीस, गळ्यात टाय, स्वभावाने इतका गोड की मास्तरांना पाहताक्षणी वाटलं, मिटलं. त्याने मास्तरांना वाकून नमस्कार केला. शामलाबाईंना ‘मॅडम’ म्हटलं. सोबत कंपनीची नवी फ्लॉपी आणली होती, तिच्यावर छापील चिठ्ठी, चिठ्ठीवर वेलबुट्टीत ‘प्रेमिला’.

मास्तरांनी मुद्दा मांडला. “असं बघा देवस्थळे, आमच्याकडे पाहुणा आला की आम्ही म्हणतो, घर आपलंच समजा. म्हणून पाहुणा काही घरावर नाव चढवायला तहसीलमध्ये जात नाही.”

“बरोबर आहे, मास्तर,” देवस्थळे नम्रपणे म्हणाला. “पण तुम्ही पाहुण्याला ते टाइप करून, सही करून, पोस्टाने पाठवलंत.”

तीस वर्षांत मास्तरांच्या भाषेची एवढी गंभीर दखल कोणी घेतली नव्हती.

“पण आम्हाला भांडायचं नाही,” देवस्थळे पुढे म्हणाला. “नाव ठेवा ना तुम्ही. आम्ही परवाना देतो. फक्त अक्षरं आमच्या फ्लॉपीत आहेत तशीच हवीत, आणि आतल्या ओळी कोणाला द्यायच्या नाहीत. ज्याने त्याने बदल केले तर ‘प्रेमिला’ म्हणजे नेमकं काय, हे गिऱ्हाइकाला कसं कळणार? आणि मॅडम, विचार करा. कोल्हापूरपासून गडचिरोलीपर्यंत प्रत्येक कचेरीत सकाळी पडद्यावर हे नाव येईल.”

शामलाबाईंनी त्याची फ्लॉपी यंत्रात घातली. पडद्यावर नाव आलं. त्यांनी एक ओळ दाबली आणि प्रिंटर सुरू केला. छापणारं डोकं एकाच ओळीवरून तीनदा गेलं आणि कागद वर आला: ‘वर्हाडातील शेतकर्यांना कळविण्यात येते की’.

“हे वाचा.”

देवस्थळेने वाचलं. “कळतंय की.”

“तुमाले कळते. शेतकऱ्याच्या डोक्यावर रफार काहून ठेवला, थे सांगा. आमच्या लहानूनं अर्धा र बनवला हाये. तो घाला यात.”

“जरूर. मुंबईला पाठवा, समिती बघेल. मंजूर झाला तर पुढल्या वर्षीच्या फ्लॉपीत.”

“आन् तवरक?”

“तोवर हा र ज्याला हवा असेल, त्याने नाव काढायचं. ज्याला नाव हवं त्याने…” त्याने कागदाकडे हात केला आणि वाक्य सोडून दिलं. तो वाईट माणूस नव्हता. जाताना म्हणाला, शनिवारपर्यंत कळवलंत तर मला मुंबईला सांभाळून घेता येईल.

मास्तरांना मार्ग स्वच्छ दिसत होता. नाव ठेवावं. र काय, आज ना उद्या समिती देईल. नाव राहिलं म्हणजे आपली आठ अक्षरं कोणाच्या वाटेत आली नाहीत, असं म्हणता येईल. हे शेवटचं ते मनातही स्पष्ट म्हणत नव्हते, पण रात्री झोप लागेना त्याचं कारण तेच होतं. तेव्हा मास्तरांना युक्ती सुचली. “आपण तिच्या आईला विचारू. नाव तर तिच्या लेकीचं.”

“मी जाऊनच राहिली,” शामलाबाई म्हणाल्या. “तुमी कायले?”

“मी सोबत.”

शुक्रवारी दोघं एसटीने खापरखेड्याला गेले. क्वार्टरच्या ओट्यावर, वाळत घातलेल्या लुगड्यावर, पाण्याच्या माठावरच्या झाकणीवर राखेचा बारीक थर होता. सुभद्राबाई ओटा झाडत होत्या. मास्तरांना वाटलं, ही बाई दिवसातून किती वेळा झाडत असेल. आत भिंतीवर तसबिरीत एक कागद होता, दोन्ही कडांना भोकं असलेला प्रिंटरचा लांब कागद. वर एकच शब्द.

सुभद्राबाईंना वाचता येत नव्हतं. पण हा शब्द त्या ओळखत. शामलाबाईंनी त्यांना एकदा सीताबर्डीला आणून तो पडद्यावर दाखवला होता. तेव्हापासून रोज सकाळी दहाला, कचेऱ्या उघडायच्या वेळी, त्या तसबिरीसमोर जरा वेळ बसत. आता नऊ जागी पोरीचं नाव निघून राहिलं असंन, असं शेजारणीला सांगत.

शामलाबाईंनी सगळं सरळ सांगितलं. काही लपवलं नाही, पत्र कोणी लिहिलं तेवढं मात्र गाळलं. मास्तरांना त्या गाळण्याचं ओझं सांगण्यापेक्षा जास्त वाटलं.

सुभद्राबाईंनी ऐकून घेतलं. “म्हंजे कंपनी म्हन्ते तसं केलं तं नाव राह्यते?”

“राह्यते, मावशी. बम जागी राह्यते, हरेक कचेरीत.”

“मंग कर ना माय. विचारून काय राहिली?”

“तसं केलं तं तिनं भरलेली अक्षरं कोनाले दुरुस्त करता येनार नाई. कोनाले खोलून देता येनार नाई. जे राह्यलं थे तसंच राहीन.”

“राहू दे. माही पोरगी राह्यली नाई, अक्षर राह्यलं तं काय बिघडते?”

मास्तरांनी मान हलवली, जरा जास्तच जोरात. शामलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“मावशी, ती वहीत लिहून गेली. अर्धा र. तिले करायचा होता थो. मी दीड वर्ष तिच्या उशाशी बसून घरं तपासली. चूक सापडली का ती मलेच म्हने, ताई, पुसा ना लवकर. तिचं नाव लावून मी चूक बंद करून ठेवू काय?”

सुभद्राबाई उठल्या. तसबीर काढली, पदराने पुसली आणि छातीशी धरून उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही. “तुले काय शिकवू मी, शिकली-सवरली तू. पन माह्या पोरीचं नाव तुह्या हातानं पुसशीन, तं मंग ह्या दारात येऊ नको.”

परतीच्या एसटीत मास्तर बरंच बोलले. आईचं मन, जनाची रीत, तडजोड, शिवाय पुढल्या वर्षीची समिती. कोराडी गेलं, तरी ते बोलतच होते. शेवटी शामलाबाई म्हणाल्या, “मास्तर, तुमी खिडकी लावून घ्या जी, राख येऊन राहिली.” राख केव्हाच मागे पडली होती.

शनिवारी सकाळी शामलाबाई काचेच्या खोलीत गेल्या, आतून कडी लावली आणि नाव काढलं. मास्तर काचेच्या बाहेर उभे होते. काढायला किती वेळ लागतो असं त्यांना वाटलं होतं कुणास ठाऊक, पण ते चार मिनिटांचं काम निघालं. दुसरं नाव काय घालणार, असं महादेवरावांनी विचारलं, तर शामलाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. प्रोग्राम सुरू केला की सातआठ सेकंद पडदा काळाच राहू लागला. नवीन पोरांना वाटे यंत्र बिघडलं, ती उठून मागची वायर हलवून बघत.

त्यानंतर तीन आठवडे शामलाबाई एसटीने नऊही ठिकाणी फिरल्या. जुन्या फ्लॉप्या पुसल्या, नव्या दिल्या. लहानू उकेने नाव पुसायला नकार दिला. “माह्या र मुळे झालं ना हे, बाई? माहा र काढा, नाव ठेवा.” त्याला त्यांनी कॉलेजच्या व्हरांड्यात काय सांगितलं ते कळलं नाही, पण तो बिचारा पुढे कितीतरी दिवस नोटिसांत ‘दुसऱ्या’च्या जागी ‘द्वितीय’ छापत होता.

खापरखेड्याला त्या दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जात. दार उघडत नसे. त्या ओट्यावर तासभर बसत, सोबत नेलेली केळी उंबऱ्याशी ठेवत आणि पुढची गाडी पकडून परत येत. पुढच्या वेळी केळी तिथे नसत, यावर मास्तरांनी बरीच आशा बांधली होती. म्हणजे आतून घेतात, म्हणजे राग निवळतोय. शामलाबाई म्हणाल्या, कॉलनीत बकऱ्या हायेत.

मास्तर कंपनीला लिहीत राहिले. पहिल्या पत्रात ‘कृपाभिलाषी’ होतं, तिसऱ्यात ‘आपला’, सहाव्यात नुसती सही. अकरा पत्रं झाली. एकोणनव्वद साली कंपनीने यंत्रात बसवायचं नवं मराठी कार्ड बाजारात आणलं, त्याचं नाव वेगळंच होतं, आणि ‘प्रेमिला’ विकणं बंद केलं. मास्तरांना हर्ष झाला. आता नाव परत द्यायला काय हरकत? त्यांनी बारावं पत्र लिहिलं, आयुष्यातलं सगळ्यात आखूड: ‘नाव वापरत नसाल तर परत द्यावे.’ उत्तर आलं, तेही आखूड. वापरात असो वा नसो, नाव ही कंपनीची मालमत्ता आहे.

म्हणजे कोल्हापूरपासून गडचिरोलीपर्यंत एकाही पडद्यावर ते नाव निघत नव्हतं, आणि निघू द्यायची कोणाला मुभाही नव्हती. बिननावाचा प्रोग्राम तोवर तीसएक ठिकाणी गेला होता. लोक त्याला ‘ती नागपूरची फ्लॉपी’ म्हणत. कोणीतरी त्यात ॲ घातला होता, कोणीतरी ळ सुधारला होता, आणि सगळे बदल पोस्टाने शामलाबाईंकडे तपासायला येत. कोणत्याच पाकिटावर प्रेमिलाबद्दल काही नसे. तिच्याबद्दल माहीत असायचं तरी कोणाला.

त्याच हिवाळ्यात एका रविवारी शामलाबाई खापरखेड्याला गेल्या, तर क्वार्टरच्या दारात दुसरंच बिऱ्हाड होतं. सुभद्राबाई माहेरच्या गावी गेल्या, असं नव्या बाईने सांगितलं. कोणतं गाव ते तिला माहीत नव्हतं. भिंतीवर तसबिरीच्या जागी खिळा तेवढा होता, त्याला तिने चाळणी अडकवली होती.

हे मास्तरांना कळलं ते महादेवरावांकडून. शामलाबाई दोन दिवस इन्स्टिट्यूटला आल्या नव्हत्या. मास्तर आयुष्यात पहिल्यांदा इंदोऱ्याला त्यांच्या घरी गेले. खिशात कंपनीचं उत्तर होतं. दोन खोल्यांचं घर, खाटेवर पाकिटांचा ढीग. शामलाबाई एका चौकटीच्या कागदावर पेन्सिल टेकवून घरं मोजत होत्या. त्यांनी मास्तरांना बसायला सांगितलं, आत जाऊन चहा टाकला, तो आणून पुढे ठेवला आणि पुन्हा मोजायला बसल्या.

मास्तरांनी उत्तर वाचून दाखवलं. त्या मोजत राहिल्या. मास्तरांनी रस्ताभर एक वाक्य जुळवलं होतं, चांगलं लांब, त्यात ‘अजाणतेपणी’ होतं, ‘थोर मनाने’ होतं, आणि शेवटी उदार अंतःकरणाने काहीतरी करावे असं होतं. तोंड उघडलं तेव्हा त्यातलं एकही अक्षर सापडेना.

“बाई, मी ते पत्र लिहिलं,” ते म्हणाले. “तुम्ही मला माफ केलंत का?”

शामलाबाईंनी पेन्सिल जिथे होती तिथेच धरून ठेवली, म्हणजे मोजणी चुकायला नको.

“नाई केलं, मास्तर; चहा प्या.”